फोटो कागदावर उतरताना

इंकजेट प्रिंटरवर छापलेला फोटो कसा दिसेल, हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: कागदावरचा लेप, टाकीतली शाई आणि छापण्यापूर्वी प्रिंटरला सांगितलेला कागदाचा प्रकार. यंत्राची किंमत त्यानंतर येते. साध्या चार रंगांच्या प्रिंटरवरही कागद आणि सेटिंग यांची जोडी जमली, तर फोटो अल्बममध्ये लावण्याजोगा निघतो. ती चुकली, तर सहा रंगांचे महागडे यंत्रसुद्धा चेहरे काळवंडून टाकते. फोटो बिघडला की दोष यंत्राला दिला जातो. आधी तपासायला हवी ती ही जोडी.

नांदेड-लातूरच्या घरांत प्रिंटर सहसा फोटोसाठी घेतला जात नाही. मुलांचे प्रोजेक्ट, परीक्षांचे फॉर्म, सातबारा, हॉल तिकीट अशा कामांसाठी तो येतो. बाटलीने शाई भरायचे टाकीवाले प्रिंटर एपसनने २०१० मध्ये पहिल्यांदा इंडोनेशियाच्या बाजारात आणले. पुढे ते भारतात आले, कॅनन आणि एचपी यांनीही तसेच प्रिंटर काढले आणि कार्ट्रिजमध्ये सुईने शाई भरण्याची कसरत संपली. छापणे स्वस्त झाल्यावर त्याच यंत्रावर फोटोही छापले जाऊ लागले. लातूरमध्ये तर याला वेगळे कारण आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेल्या ‘लातूर पॅटर्न’मुळे शहरात बाहेरगावचे हजारो विद्यार्थी राहतात आणि त्यांना वर्षभर फोटो लागतात. पासपोर्ट आकाराचे तर लागतातच. शिवाय ‘नीट’साठी अलीकडच्या वर्षांत प्रवेशपत्रासोबतच्या पानावर चिकटवायला पांढऱ्या पार्श्वभूमीचा ४ बाय ६ इंची, म्हणजे पोस्टकार्ड आकाराचा फोटोही मागितला गेला आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकानासमोर रांगेत उभे राहण्यापेक्षा घरच्या किंवा खोलीवरच्या प्रिंटरवर तो छापणे सोपे वाटते, आणि नीट केले तर ते खरोखरच सोपे आहे.

सुरुवात कागदापासून करायला हवी. झेरॉक्सचा ७० किंवा ७५ जीएसएमचा कागद शाई आत ओढून घेतो. शाई तंतूंमधून आडवी पसरते, रंग फिके पडतात आणि पान ओले होऊन लाटा धरते. फोटोच्या कागदावर म्हणूनच शाई झेलणारा लेप असतो. हा लेप दोन जातींचा असतो. एका जातीत सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यामध्ये तितकीच सूक्ष्म छिद्रे असतात. शाई छिद्रांत शिरते आणि फोटो ट्रेमध्ये पडेपर्यंत हाताला कोरडा लागतो. दुसऱ्या जातीत जिलेटिनसारखा पदार्थ असतो. तो शाईतले पाणी पिऊन फुगतो आणि रंग आपल्या पोटात बंद करतो. मुरमाड जमिनीत पाणी झटकन मुरते आणि काळी जमीन पाण्याने फुगते, तसाच हा फरक आहे. फुगणारा लेप वाळायला वेळ घेतो, पण हवेपासून रंगाचे रक्षण अधिक करतो. आज बाजारात दिसणारे बहुतेक फोटो पेपर छिद्रांच्या लेपाचे असतात.

लेपाखाली काय आहे, यावरून कागदाची किंमत आणि वागणूक बदलते. स्टेशनरीच्या दुकानात ‘ग्लॉसी, १८० जीएसएम, ए-फोर’ म्हणून मिळणारे स्वस्त पाकीट बहुधा कास्ट-कोटेड कागदाचे असते. ओला लेप तापलेल्या, आरशासारख्या गुळगुळीत रुळावर दाबून त्याला चकाकी आणलेली असते. लेपाखाली मात्र नुसता कागद असतो. भरपूर शाई पडली की हा कागद ओला होतो आणि वाळताना वाकतो. गडद फोटोत, म्हणजे रात्रीचे लग्न किंवा काळा कोट अशा ठिकाणी, हे जास्त दिसते. दुसरा प्रकार आरसी, म्हणजे रेझिन-कोटेड. यात कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा पातळ थर असतो आणि वरच्या थरावर शाई झेलणारा लेप. पाणी मूळ कागदापर्यंत पोचतच नाही, म्हणून तो सपाट राहतो आणि हातात घेतल्यावर स्टुडिओच्या फोटोसारखा लागतो.

पाकिटावर यातले काही लिहिलेले नसते. ओळखायची युक्ती साधी आहे: एका शीटचा कोपरा सावकाश फाडायचा. कास्ट-कोटेड कागद वहीच्या पानासारखा फाटतो आणि कडेला पांढरे तंतू दिसतात. आरसी कागद फाडताना रबरासारखा ताणला जातो, आणि फाटलेल्या कडेला पारदर्शक पापुद्रा लोंबतो. मागची बाजूही सांगते. कास्ट-कोटेडची पाठ साध्या कागदाची असते आणि तिच्यावर बॉलपेन सहज चालते, आरसीची पाठ गुळगुळीत असून तिच्यावर शाई फिसकटते. मॅट कागदात छापायची बाजू कोणती हा प्रश्न पडतो. तेव्हा किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावावे. जी बाजू बोटाला चिकटते ती लेपाची.

जीएसएम हा आकडा एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन सांगतो, दर्जा सांगत नाही. १३० जीएसएमचा कागद पत्रकाला ठीक, १८० रोजच्या फोटोला आणि पासपोर्ट फोटोला पुरे, २३० ते २७० अल्बमला चांगला, एवढे गणित पुरते. मात्र पाकिटावरचा आकडा खरा आहे का, हे घरी तपासता येते. ए-फोर शीटचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा जवळपास सोळावा भाग असते. म्हणजे १८० जीएसएमचे एक पान सव्वाअकरा ग्रॅमचे आणि २० पानांची गड्डी २२५ ग्रॅमची भरली पाहिजे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटासुद्धा या कामाला चालतो. गड्डी पावणेदोनशे ग्रॅमच भरली, तर कागद १४० जीएसएमचा आहे असे समजावे. वजनदार कागद घेण्यापूर्वी प्रिंटरमध्ये कागद कोणत्या मार्गाने जातो तेही पाहावे. मागून सरळ कागद घेणाऱ्या यंत्राला जाड शीट झेपते. समोरच्या ट्रेमधून कागद उलटा वळवून नेणाऱ्या यंत्रात ते अडकते किंवा त्याच्या चकाकीवर रुळांच्या रेघा उमटतात. कमाल जाडी यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते.

पृष्ठभागाची निवड फोटो कुठे जाणार यावर करावी. ग्लॉसीवर काळा रंग खोल दिसतो आणि रंग उठून येतात, पण बोटांचे ठसे उमटतात आणि ट्यूबलाइटखाली अर्धा फोटो चमकतो. मॅटवर चमक नसते आणि शिक्काही नीट बसतो, मात्र काळा रंग थोडा राखाडी वाटतो. या दोन्हींच्या मधला लस्टर किंवा सॅटिन हातोहात फिरणाऱ्या कौटुंबिक फोटोंना सर्वांत सोयीचा, आणि छोट्या शहरांत दुर्दैवाने तोच सहजी मिळत नाही. हे कागद ऑनलाइन मागवताना पहिल्यांदा मोठी गड्डी न घेता दहा-वीस शीटचे पाकीट घ्यावे.

कागदाच्या पांढरेपणाकडेही लक्ष द्यायला हवे. निळसर, लख्ख पांढरा दिसणारा कागद बहुतेकदा ऑप्टिकल ब्राइटनर या रसायनामुळे तसा दिसतो. नकली नोट ओळखायला दुकानदार वापरतात त्या जांभळ्या दिव्याखाली असा कागद निळा पेटल्यासारखा चमकतो. हे रसायन काही वर्षांत निकामी होते आणि कागद पिवळट दिसू लागतो. ‘नीट’चा फोटो काही महिने टिकला तरी पुरतो, त्यामुळे तिथे हा मुद्दा गौण आहे. आजी-आजोबांच्या फोटोसाठी मात्र न चमकणारा, किंचित दुधी कागद शहाणपणाचा. जगातले कलावंत वापरतात त्या पूर्ण सुती कागदांपैकी बरेच या वर्गातले असतात. जर्मनीतली हानेम्युले ही १५८४ पासूनची कागद गिरणी सुती कागदासाठी प्रसिद्ध आहे आणि तिचा ३०८ जीएसएमचा ‘फोटो रॅग’ जगभर प्रदर्शनांसाठी वापरला जातो.

सुती हातकागदाची परंपरा आपल्याकडेही आहे. मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात ती शतकानुशतके चालत आली, आणि पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून काम करते आहे. पण लेखणीसाठी बनलेल्या या कागदावर इंकजेटचा लेप नसतो. शाई पसरते, रंग मवाळ होतात. एखाद्या वाड्याच्या किंवा कंधारच्या किल्ल्याच्या फोटोला तो मवाळपणा शोभूनही दिसतो. मात्र कागदाचे सुटे तंतू छपाईच्या हेडवर जाऊन बसतात. म्हणून छापण्यापूर्वी शीट मऊ ब्रशने झाडून घ्यावे आणि नंतर नोझल चेक, म्हणजे शाईच्या छिद्रांची चाचणी छपाई, काढावा.

शाई दोन प्रकारची: डाय आणि पिगमेंट. डाय पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, लेपाच्या आत शिरते आणि चकचकीत रंग देते. पिगमेंटमध्ये रंगाचे घन कण असतात आणि ते वरच्या पृष्ठभागाजवळ थांबतात, त्यामुळे रंग अधिक टिकतात, पाण्याने पसरत नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या एपसन एल-३२५० सारख्या यंत्रात चारही शाया डाय असतात. कॅननच्या जी-२०१०, जी-३०१० सारख्या आणि एचपीच्या स्मार्ट टँक यंत्रांत काळी शाई पिगमेंट आणि तीन रंग डाय असतात. फोटो हेच मुख्य काम असेल, तर सहा शायांची यंत्रे आहेत. एपसन एल-८०५ आणि ए-थ्री प्लस आकाराचे एल-१८०० यांत नेहमीच्या चार रंगांसोबत फिका सायन आणि फिका मॅजेंटा असतो. कॅननच्या जी-५७० मध्ये राखाडी आणि लाल. फिक्या शायांचा उपयोग गालावर आणि आकाशात कळतो. चार रंगांचे यंत्र फिका रंग दाखवायला गडद थेंब विरळ टाकते आणि ते थेंब जवळून पाहिल्यास ठिपक्यांसारखे दिसतात. सहा रंगांचे यंत्र तिथे फिके थेंब दाट टाकते. एल-८०५ चा सर्वांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा, एल-३२५० चा तीनचा. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर.

स्वस्त ‘कंपॅटिबल’ शाईचा मोह सगळ्यांना होतो. कागदपत्रांसाठी ती चालून जाते. फोटोत मात्र तिचा रंग कंपनीच्या शाईपेक्षा वेगळा असतो आणि प्रिंटरमधली सगळी रंगांची गणिते कंपनीच्या शाईवर बेतलेली असतात. शिवाय डायच्या यंत्रात चुकून पिगमेंट भरली तर हेड चोकअप होऊ शकते. स्वस्त शाईत वाचवलेले पैसे वाया गेलेल्या शीटमध्ये जातात.

आता सेटिंग. प्रिंट देताना उघडणाऱ्या खिडकीत ‘पेपर टाइप’ किंवा ‘मीडिया टाइप’ नावाची ओळ असते. तिथे मुळात ‘प्लेन पेपर’ निवडलेले असते आणि बहुतेक जण ती तशीच सोडतात. ही एकच ओळ एकाच वेळी अनेक गोष्टी ठरवते. किती शाई टाकायची, हेड किती फेऱ्यांत आणि किती वेगाने फिरवायचे, कोणती काळी शाई वापरायची आणि रंगांचे मिश्रण कोणत्या तक्त्यावरून करायचे, हे सगळे तिच्यावर अवलंबून असते. पिगमेंट काळी शाई असलेल्या यंत्रात ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन पेपर’ ठेवले की काय होते, हे एकदा पाहण्यासारखे आहे. प्रिंटर केसांवर आणि काळ्या कोटावर पिगमेंट ओततो. ते मोठे कण लेपाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरू शकत नाहीत, वरच बसून राहतात. फोटो छान दिसतो, पण दुसऱ्या दिवशी अंगठा फिरवला तरी केस कपाळावर पसरतात. तीच फाइल, तोच कागद, पण ‘फोटो पेपर’ निवडले, की प्रिंटर काळी पिगमेंट बाजूला ठेवतो आणि तीन रंग एकत्र करून काळा बनवतो. आता अंगठ्याला काही लागत नाही.

यादीत फक्त प्रिंटरच्या कंपनीच्या कागदांची नावे असतात. दुकानातून आणलेल्या कागदाचे नाव तिथे नसते. तेव्हा पृष्ठभाग आणि जाडी पाहून जवळचे नाव निवडावे लागते. कास्ट-कोटेड १८० जीएसएमसाठी ‘फोटो पेपर ग्लॉसी’पासून सुरुवात करावी. जाड आरसी कागदाला एपसनमध्ये ‘प्रीमियम ग्लॉसी’ आणि कॅननमध्ये ‘प्लस ग्लॉसी’, लस्टरला ‘सेमीग्लॉस’ किंवा ‘लस्टर’, मॅटला ‘मॅट’. शाई साचून तळी दिसू लागली किंवा कास्ट-कोटेड कागद वाकला, तर कमी शाई टाकणारा खालचा पर्याय घ्यावा. रंग फिके आणि काळा राखाडी आला, तर वरचा.

दर्जाची ओळ ‘हाय’वर ठेवावी. ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ असा पर्याय असेल तर तो बंद करावा. मग हेड जाताना-येताना न छापता एकाच दिशेने छापते. वेळ वाढतो, पण आकाशातल्या आडव्या पट्ट्या कमी होतात. पट्ट्या तरीही राहिल्या तर नोझल चेक काढावा, आणि रेघा तुटलेल्या दिसल्या तरच हेड क्लीनिंग करावे. क्लीनिंग पाठोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा करू नये. रात्रभर यंत्र बंद ठेवून सकाळी पुन्हा पाहिले, तर अनेकदा नोझल आपोआप मोकळे झालेले असतात. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये जाते, आणि पॅड भरले की प्रिंटर थांबतो.

आकाराचा घोळ सर्वांत जास्त होतो. मोबाइलचा फोटो सहसा ४ बाय ३ प्रमाणाचा असतो, ४ बाय ६ इंची कागद ३ बाय २ प्रमाणाचा. कागद पूर्ण भरायचा तर फोटोचा नववा हिस्सा कापला जातो. ‘बॉर्डरलेस’ निवडले तर प्रिंटर फोटो आणखी थोडा मोठा करून कागदाच्या बाहेरपर्यंत शाई मारतो, म्हणजे कडा आणखी कापल्या जातात. घरच्या मोठ्या गटाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या काकूंचा खांदा यातच जातो. म्हणून कापाकापी प्रिंटरवर न सोडता आधीच मोबाइलमध्ये किंवा संगणकावर ३ बाय २ मध्ये क्रॉप करावी. बॉर्डरलेस छापताना ‘एक्स्पान्शन’ सर्वांत कमी ठेवावे. पासपोर्ट फोटोंसाठी बॉर्डरलेस मुळीच नको, कारण त्याने माप बिघडते. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो ४ बाय ६ इंची शीटवर आडव्या चार आणि उभ्या दोन अशा ओळींत बसतात. ‘फिट टु पेज’ बंद आणि मोजमाप १०० टक्के ठेवले, की पट्टी लावून तपासता येते.

फाइल किती मोठी हवी? एक इंचात ३०० पिक्सेल हा ठोकताळा पुरतो. ४ बाय ६ ला १२०० बाय १८००, ए-फोरला २४८० बाय ३५०८. कोणत्याही आजच्या मोबाइलची मूळ फाइल एवढी असते. अडचण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची असते, कारण तिथे फोटो सहसा लहान होतो. लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ४ बाय ६ ला तो जेमतेम चालतो, ए-फोरला चालत नाही. नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे सांगावे.

रंग जुळवणे हा यातला खरा अवघड भाग, आणि नांदेडमध्ये त्याची परीक्षा रोज होते. तख्त सचखंड श्री हजूर साहिबसमोर काढलेल्या कुटुंबाच्या फोटोत पांढरी संगमरवरी वास्तू, सोन्याचा घुमट, केशरी पगड्या आणि निहंगांचा गडद निळा वेश एकाच चौकटीत येतो. यातला प्रत्येक रंग वेगळ्या कारणाने बिघडतो. निळा छापला की जांभळा दिसतो, कारण प्रिंटरकडे निळी शाई नसते. तो सायन आणि मॅजेंटा मिसळून निळा करतो, आणि पडद्यावर दिसणारा चमकदार निळा त्या मिश्रणाच्या आवाक्याबाहेर असतो. केशरी पगडीत कॅमेऱ्याचा लाल रंग आधीच काठोकाठ भरलेला असतो, म्हणून कापडाच्या घड्या नाहीशा होऊन नुसता केशरी पट्टा उरतो. संगमरवर कागदाच्या पांढरेपणावर अवलंबून असते. अशा वेळी छापण्यापूर्वी रंगांची तीव्रता, म्हणजे ‘सॅच्युरेशन’, थोडी उतरवली तर घड्या परत दिसतात. निळ्यातला मॅजेंटा किंचित कमी केला तर जांभळेपणा आवरतो. घुमटाचे सोने मॅट कागदावर पिवळे दिसते. ते सोन्यासारखे दिसण्यासाठी चकाकी हवी, म्हणून हा फोटो ग्लॉसीवर किंवा लस्टरवर घ्यावा.

रंगांचा कारभार एकाच्याच हाती असावा लागतो. फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममधून छापताना ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ निवडले, तर रंग प्रिंटरचा ड्रायव्हर पाहतो. कागदाच्या कंपनीने त्या यंत्रासाठी आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंगांचा तयार तक्ता, दिले असेल, तर प्रोग्रॅममध्ये ते निवडावे आणि ड्रायव्हरमधले ‘कलर करेक्शन’ पूर्ण बंद करावे. दोघांनीही रंग सुधारले तर सुधारणा दोनदा होते आणि चेहरे तांबूस, जड दिसतात. प्रोफाइलसोबत ‘पर्सेप्च्युअल’ किंवा ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ असा पर्याय विचारला जातो. पहिला सगळे रंग एकमेकांशी प्रमाण राखून आत घेतो, दुसरा आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवून फक्त बाहेरचे कापतो. हजूर साहिबच्या फोटोला पहिला, साध्या व्यक्तिचित्राला दुसरा. ड्रायव्हरमधले ‘फोटो एन्हान्स’ मात्र बंदच असावे. गव्हाळ-सावळ्या रंगाच्या माणसांना ते उगाच उजळ करते. माणूस आहे तसा कागदावर यावा, हा फोटोचा पहिला धर्म आहे.

छापलेला फोटो पडद्यापेक्षा अंधारा वाटणे ही नेहमीची तक्रार आहे. पडदा स्वतः उजेड देतो, कागद फक्त परत फेकतो. मोबाइलचा उजेड निम्म्यावर आणून, ‘व्हिव्हिड’ आणि ‘आय कम्फर्ट’ बंद करून फोटो पाहिला तर तो छापील फोटोच्या जवळ येतो. पारख दिवसा खिडकीजवळ करावी. स्वस्त एलईडी दिव्याखाली राखाडी रंग हिरवट दिसू शकतो आणि नसलेला दोष सुधारण्यात शाई जाते.

नवीन कागद आणला की ए-फोर शीटचे चार तुकडे करावेत. एकाच फोटोवर, ज्यात चेहरा, राखाडी, हिरवे शेत आणि एखादे भडक वस्त्र आहे, तीन-चार पेपर टाइप वापरून पाहावेत. प्रत्येक तुकड्याच्या मागे कागदाचे नाव, पेपर टाइप, दर्जा आणि तारीख लिहावी. आरसीच्या पाठीवर बॉलपेन टिकत नाही, तिथे मार्कर वापरावा. एवढे तुकडे एका वहीत चिकटवून ठेवले की घरातल्या कोणालाही पुढे विचारावे लागत नाही.

जुन्या फोटोंच्या नकला हे घरच्या प्रिंटरचे फार मोलाचे काम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली. अशा घरांतून एखादा आधीचा फोटो वाचला असेल, तर त्याची नक्कल काढून नातेवाइकांत वाटणे हाच त्याला सुरक्षित ठेवण्याचा उपाय आहे. मूळ फोटो २ बाय ३ इंचांचा असेल आणि ४ बाय ६ हवा असेल, तर ६०० डीपीआयला स्कॅन करावा. कृष्णधवल फोटो असला तरी रंगीत स्कॅन करावा, म्हणजे डाग आणि पिवळेपणा वेगळे ओळखता येतात. चार रंगांच्या यंत्रावर राखाडीत हिरवी किंवा गुलाबी झाक येते. ‘ग्रेस्केल’ निवडून पाहावे. त्यात ठिपके जाणवू लागले तर रंगीतच छापून हलका तपकिरी रंग मुद्दाम द्यावा, तो झाक लपवतो. असा फोटो मॅट किंवा लस्टरवर चांगला दिसतो.

हवामान हा मराठवाड्यातला चौथा घटक. बहुतेक घरगुती इंकजेटच्या पुस्तिकेत छपाईसाठी १० ते ३५ अंश सेल्सियस तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता सांगितलेली असते. एप्रिल-मेमध्ये नांदेडचा किंवा लातूरचा पारा ४० च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी छापण्यात अर्थ नसतो. सकाळी लवकर छापावे. कोरड्या हवेत नोझलवरची शाई सुकते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी छोटी रंगीत छपाई करावी. कूलर लावला की उलटा त्रास होतो. त्याची ओली हवा उघड्या पाकिटावर आली तर कागद ओलावा धरतो, कडा वळतात आणि हेड कागदावर घासून काळा डाग पडतो. प्रिंटर कूलरच्या झोतात नसावा आणि उरलेला कागद मूळ पिशवीत, आडवा आणि बंद ठेवावा. लाइट जाण्याच्या सवयीमुळे अनेक घरांत प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद केला जातो. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने बंद केले तर हेड जागेवर जाऊन झाकले जाते. भिंतीवरून तोडले तर ते उघडे राहू शकते आणि उन्हाळ्यात चार दिवसांत सुकते. इन्व्हर्टरवर प्रिंटर चालत असेल, तर छपाई सुरू असताना तो त्यावरच असावा.

फोटो हाताला कोरडा लागला तरी शाईतली ग्लायकॉलसारखी द्रव्ये लगेच उडून जात नाहीत. आरसी कागदावर छापून लगेच फ्रेममध्ये बंद केले, तर ती काचेच्या आत धुक्यासारखी जमतात. एक दिवस फोटो मोकळे, साध्या कागदाच्या पानांमध्ये ठेवून वाळू द्यावेत. पीव्हीसीच्या कव्हरचे स्वस्त अल्बम टाळावेत, पॉलिप्रॉपिलीनचे चालतात.

फोटो टिकवणे म्हणजे त्याला ऊन आणि हवा या दोन्हींपासून वाचवणे. २००० मध्ये एपसनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरचे ग्लॉसी फोटो जगभरात नारिंगी पडू लागले होते. सूर्यप्रकाश न लागलेलेही पडत होते. कारण हवेतला ओझोन वायू उघड्या छिद्रांतून शिरून सायन रंग खात होता. आजच्या शाया त्याहून बऱ्याच सुधारल्या आहेत, पण छिद्रांचा लेप आणि डाय शाई या जोडीतला हा दोष पूर्ण गेलेला नाही. काचेआड बसवलेला फोटो उघड्यावर चिकटवलेल्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. पूर्वजांच्या तसबिरीला हे विशेष लागू आहे. अगरबत्तीचा धूर, ओला हार, कुंकवाचे बोट हे सगळे काचेवर जावे, कागदावर नको, आणि काच कागदाला थेट चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची पट्टी असावी. नांदेड आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होते, तिथल्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे अल्ब्युमेन कागदावरचे फोटो आजही संग्रहांत पाहता येतात. ते टिकले ते अंधाऱ्या, कोरड्या जागी जपून ठेवल्यामुळे. घरच्या अल्बमलाही तीच जागा द्यावी. ओल धरणारी भिंत आणि लोखंडी कपाटाचा तळ टाळावा.

सगळेच घरी छापावे असे नाही. लग्नाचे दोनशे फोटो किंवा भिंतीवरचा मोठा फोटो लॅबमध्ये देणे परवडते. तिथे चांदीच्या क्षारांच्या कागदावर लेसरच्या प्रकाशाने फोटो उमटवून रसायनांत धुतला जातो, म्हणून तो पाण्याला आणि हवेला सहजी दाद देत नाही. लॅबला फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्यवस्थेत द्यावी, बाकी वरचे नियम तेच राहतात: इंचाला ३०० पिक्सेल, कागदाच्या प्रमाणात आधीच केलेला क्रॉप. रंग घरी नीट जुळवलेले असतील तर ‘ऑटो करेक्शन नको’ असे ऑर्डर देतानाच सांगावे आणि सगळी ऑर्डर देण्यापूर्वी दोन-तीन नमुने काढून दिवसाच्या उजेडात पाहून घ्यावेत.